इतिहास सक्तीचा हवा, पण कोणत्या अटींवर?

दहावीची परीक्षा संपली की आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींचा इतिहासाशी संबंध संपतो. विज्ञान शाखेला, वाणिज्य शाखेला, नर्सिंगला, फार्मसीला, इंजिनिअरिंगला गेलेली मुलगी पुन्हा इतिहासाचे पुस्तक हातात घेत नाही. कला शाखेतही जे हा विषय घेतात त्यांच्यापुरताच तो उरतो. म्हणजे ज्या वयात सगळे निर्णय आईवडीलच घेतात त्या वयात आपण इतिहास शिकवतो, आणि मतदान, नोकरी, लग्न, मूल हे सारे ज्या वयात समोर येते तेव्हा तो बंद करतो. विद्यापीठात शिकणाऱ्या प्रत्येकाला, शाखा कोणतीही असो, इतिहासाचा एक तरी अभ्यासक्रम सक्तीचा असावा का? हा प्रश्न इतिहासाच्या प्राध्यापकांवर सोडून आपल्याला चालणार नाही, कारण त्यात स्त्री-चळवळीचे बरेच काही अडकलेले आहे. माझे उत्तर 'होय' असे आहे. मात्र या होकाराला काही अटी आहेत आणि त्या मान्य होणार नसतील तर अशा सक्तीला आपण विरोध करावा असे माझे मत आहे.

आधी होकार का, ते सांगते.

गेली अनेक वर्षे मी कॉलेजांतून कायदा, हिंसा, आरोग्य या विषयांवर बोलायला जाते. बोलावणे बहुधा ३ जानेवारी किंवा ८ मार्चच्या सुमाराला येते. सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला जातो, रांगोळीची आणि मेंदीची बक्षिसे वाटली जातात आणि मग आम्हाला वीस मिनिटे मिळतात. मुली धीट असतात, चांगले प्रश्न विचारतात. पण एक गोष्ट सारखी जाणवते. आज हातात असलेले हक्क पहिल्यापासून होतेच असे त्यांना वाटते, नाहीतर सरकारने दिले असे वाटते. ते मागावे लागले, त्यासाठी रस्त्यावर यावे लागले, आणि आलेल्या बायका तुमच्याआमच्यासारख्याच होत्या, हे त्यांच्या कानावरून गेलेले नसते. जे आपोआप मिळाले असे वाटते ते हळूच काढून घेतले गेले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. माझी खरी काळजी ही आहे.

कायद्याच्या विद्यार्थिनींचेच पाहा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलिस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० च्या ८ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी तरतूद आली आणि अशा खटल्यात बाईने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे असे ठरले. विद्यार्थिनींना कलम पाठ असते. ते कलम कोणामुळे आले, हे माहीत असलेली क्वचित भेटते.

त्याच १९८३ साली ४९८-अ हे कलम आले. हा आकडा खेड्यातल्या अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ठाऊक झाला होता. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सासरच्या छळाचे ते कलम आता ८५ आणि ८६ या आकड्यांनी ओळखले जाते. तरतूद राहिली, आकडा गेला. आकड्याबरोबर आठवणही गेली, तर उद्या 'या कलमाची गरजच काय' असे विचारणाऱ्याला हुंड्यासाठी जळालेल्या बायकांची गोष्ट कोण सांगणार?

डॉक्टर होणाऱ्यांना इतिहासाचा काय उपयोग, असे विचारतात. सोनोग्राफी केंद्रात प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीआधी 'फॉर्म एफ' भरावा लागतो. अनेक तरुण डॉक्टरांना ही सरकारी कटकट वाटते. १९८५ साली मुंबईत गर्भलिंगनिदानाविरुद्ध कार्यकर्त्यांचा मंच उभा राहिला, त्यात डॉक्टरही होते. त्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला असा कायदा केला, १९९४ साली केंद्राने केला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. विज्ञानाचे एक साधन बाईच्या भल्यासाठी म्हणून येते आणि बघता बघता तिच्याच विरुद्ध वापरले जाते, हे त्या फॉर्ममागचे सत्य आहे. ते ज्याला कळले तो डॉक्टर फॉर्म वेगळ्या मनाने भरेल.

वाणिज्य शाखेतली मुले महागाईचा दर काढायला शिकतात. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो गृहिणींनी महागाईविरुद्ध लाटणी हातात घेतली, हे त्यांना सांगितले तर त्या दरामागे कोणाचे स्वयंपाकघर आहे तेही कळेल.

आता अटींकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेऊ. भूतकाळ आपल्या विद्यापीठांत सक्तीचा झालेलाच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीचा नवा आराखडा आला. त्यात मुख्य विषयाबरोबर मूल्यशिक्षण आहे आणि 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषयही सर्वांना आहे. आपल्या पूर्वजांचे ज्ञान मुलांना कळावे याला माझी हरकत नाही. पण ज्ञानाची परंपरा शिकवायची तर ते ज्ञान कोणाला बंद होते, हेही शिकवायला हवे. गार्गी-मैत्रेयी येतील. परंतु १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता येईल का? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती का जाळली, हा प्रश्न येईल का? प्राचीन वैद्यक शिकवताना सुईणीच्या हातातले ज्ञान कोणत्या जातीचे होते आणि त्याला विटाळ का चिकटवला, हे कोणी विचारील का? पुरावा तपासण्याची, दुसरी बाजू शोधण्याची शिस्त इतिहास हा विषय लावतो. ती शिस्त नसेल तर भूतकाळ सक्तीचा केल्याने अभिमान तेवढा वाढतो. तेव्हा भूतकाळ शिकवावा की नाही, हा वाद मागे पडला आहे. तो कसा शिकवायचा, यावर आपण काही बोलणार आहोत का?

यातला धोका किती खरा आहे ते शेजारी पाहावे. पाकिस्तानात जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत १९७९ साली हुदूद कायदे आले. त्यात बलात्काराची तक्रार करणारी बाईच व्यभिचाराच्या आरोपात अडकू लागली. १९८१ साली त्याच राजवटीने 'पाकिस्तान अभ्यास' हा विषय पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना, अगदी इंजिनिअरिंग आणि वैद्यकीयच्यांनाही, सक्तीचा केला. राष्ट्र कसे जन्मले आणि कोणत्या धर्मासाठी जन्मले, याची एकच ठरलेली गोष्ट त्यात होती. के. के. अझीझ या पाकिस्तानी इतिहासकाराने पुढे ६६ पाठ्यपुस्तके तपासून १९९३ साली जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'इतिहासाचा खून' अशा अर्थाचे आहे. त्याच १९८१ साली कराचीत बायकांनी 'विमेन्स ॲक्शन फोरम' स्थापन केली. १२ फेब्रुवारी १९८३ ला साक्षीच्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध, म्हणजे दोन बायकांची साक्ष एका पुरुषाच्या बरोबरीची धरण्याविरुद्ध, लाहोरच्या रस्त्यावर निघालेल्या बायकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. इतिहास सक्तीचा करणारे सरकार आणि बाईची साक्ष अर्धी करायला निघालेले सरकार एकच होते, हे आपण विसरू नये.

म्हणून सक्तीच नको, असे माझ्या काही मैत्रिणी म्हणतात. त्यांची भीती मला समजते. पण आपण दूर राहिलो म्हणून सरकार थांबत नाही. आपण नसलो की त्यांच्या गोष्टीला आडवे जाणारे कोणी उरत नाही, एवढाच फरक पडतो.

दुसरा आक्षेप माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. सक्ती केली की विषय मरतो, हा आपल्या विद्यापीठांचा अनुभव आहे. पर्यावरणाचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्यात बाहेर जाऊन पाहणी करणेही होते. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात मी ठिकठिकाणी काय पाहिले? कॉलेजच्या दाराशी झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, त्यावर नाव घालून तो जमा होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री 'अपेक्षित' वाचून पेपर दिला जातो. गावची नदी आहे तशीच घाण राहते. इतिहासाचे असे झाले तर सावित्रीबाईंचा जन्म कोणत्या साली झाला यावर एका गुणाचा प्रश्न येईल, मुले १८३१ या आकड्यासमोर खूण करतील आणि आपण इतिहास शिकवला असे म्हणायला विद्यापीठ मोकळे होईल.

आणि हा भार कोणावर पडतो, तेही पाहू. जिचे शिक्षण एका धाग्यावर लोंबकळते आहे, जी सकाळी पाणी भरून, भाकऱ्या थापून एसटी पकडते, तिच्यासाठी आणखी एक पेपर म्हणजे नापास होण्याची आणखी एक जागा. 'विषय राहिला ना, मग आता बस घरी' असे म्हणायला घरचे टपलेलेच असतात. एका एटीकेटीवरून मुलीचे लग्न उरकून टाकल्याची उदाहरणे आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. मुलींच्या हक्कांचा इतिहास शिकवायचा आणि त्याच विषयात नापास करून मुलीला घरी बसवायचे, असे होता कामा नये.

तिसरी गोष्ट शिकवणाऱ्यांची. कायम पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर काम उरकण्याची आता सवय झाली आहे. सुट्टीत पगार नाही, बाळंतपणाच्या रजेची शाश्वती नाही, पुढच्या वर्षी काम मिळेल की नाही हे माहीत नाही, अशा अवस्थेत अनेक उच्चशिक्षित बाया वर्षानुवर्षे शिकवत आहेत. नवा सक्तीचा विषय आला की तो त्यांच्याच गळ्यात पडेल. दोनशे मुलांचा वर्ग आणि हातात गाइड. जिची नोकरी दरवर्षी नव्याने ठरते ती वर्गात अवघड प्रश्न काढणार कशी?

या सगळ्यातून वाट आहे आणि ती आपल्याच चळवळीने दाखवलेली आहे, असे मला वाटते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेतला आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. दोघींपैकी कोणी विद्यापीठातली इतिहासाची प्राध्यापक नव्हती. महाडला, नाशिकला, नागपूरच्या १९४२ च्या महिला परिषदेला ज्या बाया होत्या त्यांचा पत्ता काढत त्या गेल्या, बसल्या, ऐकले आणि लिहून घेतले. तोवरच्या इतिहासात या बायांना जागाच नव्हती. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ सालचे. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापेपर्यंत ते जवळपास विस्मरणात गेले होते. त्र्याण्णव वर्षे! एवढी वर्षे एक पुस्तक दिसेनासे होते आणि त्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली तरी पुरेशी आहे. इतिहासात काय आहे यापेक्षा काय नाही आणि का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहील. तो प्रश्न विचारता यावा एवढ्यासाठीच मला इतिहास सक्तीचा हवा आहे.

म्हणून माझ्या अटी अशा.

पहिली, हा अभ्यासक्रम असलेल्या ओझ्यावर चढवू नये. आज सर्वांना असलेल्या विषयांमध्येच त्याची जागा काढावी.

दुसरी, त्याला लेखी परीक्षा नको. प्रत्येकाने सत्रभरात दोन कामे करावीत. एक, कोणत्याही एका घटनेची दोन किंवा तीन परस्परविरोधी कागदपत्रे वाचून कोण काय म्हणते आणि कोण बोलतच नाही, ते लिहावे. रखमाबाईंचा खटला घेता येईल. १८८५ साली एक न्यायाधीश तिच्या बाजूने निकाल देतो, १८८७ साली दुसरा नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा म्हणतो, आणि बाहेर वर्तमानपत्रे भांडत असतात. इंजिनिअरिंगच्या मुलालाही यात रस वाटेल. दुसरे काम, आपल्या घरातल्या किंवा वस्तीतल्या एका वयस्क बाईची हकीकत ऐकून लिहून आणावी. शाळा का सुटली, लग्न कसे ठरले, दुष्काळात काय खाल्ले, मजुरी किती मिळाली, जमीन कोणाच्या नावावर झाली. झेरॉक्सच्या दुकानात स्वतःची आजी मिळत नाही. मात्र ही हकीकत त्या बाईच्या परवानगीनेच लिहावी आणि तिला नको असेल तिथे नाव बदलावे, हे आधी शिकवावे. आपली गोष्ट सांगायची की नाही, हा तिचा हक्क आहे.

तिसरी, सर्वांसाठी एकच पाठ्यपुस्तक नको. काय शिकवायचे ते मंत्रालयातून येऊ नये. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी ठरवावे आणि त्यात स्त्री-अभ्यास केंद्रांना, दलित-आदिवासी साहित्य आणि इतिहासाच्या अभ्यासकांना जागा असावी.

चौथी, कायम पदे भरल्याशिवाय हा अभ्यासक्रम सुरू करू नये. ही अट मान्य करून घेणे सर्वांत अवघड जाईल, म्हणून ती सर्वांत मोठ्याने मांडली पाहिजे.

या अटी कोणी आपणहून पुऱ्या करणार नाही. त्यासाठी संघटनांनी आपापल्या विद्यापीठाला लेखी निवेदने द्यावीत, अभ्यास मंडळांवरच्या ओळखीच्या प्राध्यापकांशी बोलावे, विद्यार्थी संघटनांना बरोबर घ्यावे.

आणखी एक काम मात्र विद्यापीठाची वाट न पाहता आजपासून करता येईल. उद्या एखादी विद्यार्थिनी आपल्या दारात येऊन म्हणाली, 'ताई, मला तुमच्या संघटनेचा इतिहास लिहायचा आहे', तर तिच्या हातात आपण काय ठेवणार? आपली पत्रके सायक्लोस्टाइल केलेली, शाई उडालेली. बैठकांच्या वह्या कोणाच्या तरी माळ्यावर. पथनाट्याच्या संहिता ज्यांना पाठ होत्या त्या आता थकल्या, काही गेल्या. जुनी पत्रके काढून पाहा. 'रविवारी सकाळी १० वाजता, गांधी पुतळ्यापासून मोर्चा' असे असते आणि साल नसते. त्या वेळी लगबगीत कोणाला सुचणार? पण साल नसलेले पत्रक वीस वर्षांनी मुके होते. ज्यांना ते मोर्चे आठवतात त्या अजून आपल्यात आहेत तोवर त्यांच्याबरोबर बसून पेन्सिलीने मागे साल लिहून घेतले पाहिजे. कोण बोलले, किती जणी होत्या, पोलिसांनी काय केले, मागणी मान्य झाली की नाही, हेही लिहावे. फसलेल्या मोर्च्यांचेही लिहावे. आपापसात कशावरून मतभेद झाले, जातीच्या प्रश्नावर कोणी कोणाला काय सुनावले, तेही झाकू नये. सरकारच्या एकसुरी इतिहासाला नावे ठेवायची आणि आपला मात्र आरतीसारखा लिहायचा, हे बरे नाही.

माझी सूचना अशी की प्रत्येक गटाने येत्या तीन महिन्यांत एक रविवार यासाठी ठेवावा. कागद एकत्र करावेत, साल-महिना घालावा, झेरॉक्स काढावी किंवा मोबाइलवर स्वच्छ फोटो घ्यावेत आणि एक प्रत जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्यावी. बलात्कार आणि छळाच्या तक्रारींचे कागद मात्र वेगळे काढून कुलूपबंद ठेवावेत. ते त्या बायांचे आहेत, आपले नव्हेत.

सक्तीविषयी तुमच्या गटात काय वाटते, अटींमध्ये काय भर घालावी, कोणती अट पटली नाही, हे जरूर लिहून कळवा. पत्रावर तारीख घालायला विसरू नका.